भागीबायचा हात

भागीबाय माझ्या दुकानात यायची ती औषध घ्यायला नव्हे, औषधांना नावं ठेवायला. पेणच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे आणि तिथून पन्नासेक पावलांवर आबांचा गणपतीचा कारखाना. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्यातून निघायची, भाकरी खाऊन झाली की माझ्या काउंटरपुढच्या स्टुलावर येऊन बसायची आणि कपाटातल्या बाटल्यांकडे संशयाने बघत राहायची. "गोड दवा खोटी," हे तिचं ठाम मत. एखादं गिऱ्हाईक खोकल्याचं लाल औषध मागायला आलं की माझ्यादेखत त्याला सांगायची, "त्यापरीस मिठाच्या पान्यानं गुलन्या कर. याचं काय, याला इकायचं हाय." धरमतरच्या बाजूला मिठागरावर तिचं लहानपण गेलेलं. मिठाने बरा होत नाही असा रोग तिच्या लेखी नव्हताच. तिच्यामुळे माझी चारदोन गिऱ्हाइकं तरी नक्की तुटली असतील, पण ती नाही आली तर दुपार सुनी सुनी वाटायची.

कारखान्यात तिचं काम एकच, आखणी. म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचे भरणं, घासणं, अंगाचा रंग ही कामं तिथे वीसपंचवीस बायका आणि पुरुष करायचे, पण डोळे काढायचे ते भागीबायने. चार केसांचा ब्रश घेऊन ती मूर्तीपुढे मांडी घालायची, श्वास सोडायची, आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत वरच्या पापणीची रेघ पुरी झालेली असायची. मी कितीदा तरी दारात उभा राहून ते पाहिलं आहे. तोवर समोर मातीचा गोळा असायचा आणि एका क्षणात तिथून कुणीतरी आपल्याकडे बघायला लागायचं. मी काही फारसा देवभोळा माणूस नाही, पण त्या वेळी माझा हात आपोआप छातीशी जायचा.

तिचे नियम दोन होते. एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय उठायचं नाही, आणि उघडलेला डोळा पुसायचा नाही. पहिला नियम तिने किती पाळला ते सांगतो. तिचा एकुलता एक भाऊ धरमतरच्या जेटीवर हमालीला होता. एकदा तो बार्जवरून खाली पडल्याचा निरोप घेऊन माणूस धावत कारखान्यात आला, तेव्हा हिचा मूर्तीचा उजवा डोळा काढून झाला होता आणि डावा राहिला होता. माणूस दारात रडतोय, बायका तिला उठवताहेत, आणि ही ब्रश बुडवतेय. डावा डोळा पुरा केला, ब्रश धुऊन ठेवला आणि मगच उठली. भाऊ वाचला, पाय तेवढा लंगडा राहिला. पुढे मी तिला त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "देवाला एका डोल्यानं ठेवून गेले असते, तं भावाचं तोंड कंच्या तोंडानं बघितलं असतं?"

दुसऱ्या नियमापायी तिने मुंबईच्या एका बड्या गिऱ्हाइकाशी भांडण घेतलं होतं. त्या गृहस्थांना मूर्ती रागावून बघतेय असं वाटलं. डोळे पुसून पुन्हा काढून द्या म्हणाले. आबा तयार होते, धंदा आहे शेवटी. भागीबाय मात्र जागची हलली नाही. "तो रागं भरलाय तं तुमी घरात काय केलंय ते आठवा," म्हणाली. सगळा कारखाना खाली माना घालून हसला. गंमत म्हणजे ते गृहस्थ तीच मूर्ती घेऊन गेले आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले. तिच्या हाताचा दरारा असा होता. नवऱ्यामागे तिने एकटीने संसार रेटला तो त्या हातावर, आणि पेणमध्ये तिला जो मान होता तोही त्या हातामुळेच.

तो हात बिघडतोय हे मला प्रथम कळलं माझ्याच काउंटरवर. ती बोलत होती आणि काचेवर तिच्या बांगड्या बारीक वाजत होत्या. हात नुसता टेकलेला, तरी वाजत होत्या. माझं लक्ष गेलं तशी तिने उजवा हात पदराखाली घेतला.

"थंडी वाजते," म्हणाली.

"चैत्रात?"

"तुज्या पंख्याची."

पुढे आबांच्याही लक्षात आलं. एका मूर्तीच्या पापणीची रेघ मध्येच पायरी उतरल्यासारखी झाली होती. तिने ती पुसली नाही, मूर्ती उचलून शेवटच्या फळीवर ठेवली. आबा माणूस तापट, पण त्यांनी स्वतः तिला मुंबईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, दर थोड्या दिवसांनी वाढवत न्यायच्या. मी तिच्या हातावर पहिली गोळी ठेवली तेव्हा ती तिच्याकडे बघतच राहिली. "येवरीशी? हिनं चिमनीचा ताप तरी उतरंल का?"

दोन महिन्यांत हात ताळ्यावर आला. एका दुपारी ती दुकानात शिरली, काउंटरवरचं पेन उचललं आणि गोळ्यांच्या कागदी पिशवीवर एका दमात डोळा काढून माझ्यापुढे सरकवला. रेघ कुठे थरथरली नव्हती. माझ्या दुकानातल्या गोळीने भागीबायचा हात परत आणला हे मी महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, जणू गोळी मीच रात्री घरी बसून वळली होती. हे श्रेय मी किती हौसेने घेतलं ते इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

डॉक्टरांची चिठ्ठी जुनी झाली तरी मी गोळ्या देत गेलो. सगळेच देतात. खोक्यातून पट्टी काढायची, कात्रीने हव्या तेवढ्या गोळ्या कापायच्या, पिशवीत टाकायच्या. खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो, त्याच्यावर बारीक इंग्रजीत काय काय छापलेलं असतं. तो गिऱ्हाइकापर्यंत कधी जात नाही, कारण खोकं एक आणि गिऱ्हाइकं दहा. त्या कागदाने काउंटरची काच मात्र झकास पुसली जाते. माझ्या दुकानात इतकी वर्षं त्याचा तोच उपयोग होता.

मग भागीबाय बदलायला लागली. आली की स्टुलावर न बसता पिशव्यांचा गठ्ठा पुढे ओढायची आणि एकेका पिशवीवर डोळे काढत सुटायची. औषधांना नावं ठेवायचंही विसरली. सगळा गठ्ठा संपला की दुसरा मागायची. मी हसायचो. गिऱ्हाइकांना डोळेवाल्या पिशव्यांची मजा वाटायची.

"झोप नाय रे येत," एकदा म्हणाली. "हात मागतो."

"काय मागतो?"

"काम मागतो. काडत र्‍हा, काडत र्‍हा म्हंतो."

"चांगलंच आहे की. गणपती जवळ आले," असं मी म्हणालो आणि शक्तीच्या गोळ्यांची बाटली दिली. औषधं विकणारा माणूस तिच्यासमोर उभा होता आणि त्याला एवढंच सुचलं.

श्रावणात एका दुपारी कारखान्यातून आरडाओरडा ऐकू आला. मी दुकान तसंच टाकून धावलो. फळीवर चाळीस तयार मूर्ती मांडलेल्या होत्या, आणि चाळीसही मूर्तींचे डोळे ओल्या फडक्याने पुसलेले. तोंडांवर नुसते पांढरे डाग. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले असताना हा प्रकार झाला होता. करणारी समोरच बसलेली होती. पहिल्या मूर्तीचे डोळे ती नव्याने काढत होती आणि आबा डोक्याशी उभे राहून ओरडत असूनही वर बघत नव्हती.

"भागे, काय केलंस गो हे?"

"सगले खालती बगत व्हते, आबा. सगले खालती."

कुणीच खाली बघत नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर हिनेच त्याला कारखान्याबाहेर काढलं असतं. संध्याकाळपर्यंत तिने चाळीसच्या चाळीस मूर्ती पुन्हा पुऱ्या केल्या, आणि डोळे असे सुरेख की आबांचा राग निवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ते सगळे पुन्हा पुसले. तिसऱ्या दिवशी आबांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

पेणमध्ये गणपतीचे डोळे पुसणारी बाई म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कुणी म्हणालं, पलीकडच्या कारखान्याने फोडली. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा आहे, नारळ उतरवा. काहींनी तर देवच तिच्यावर कोपल्याचं नक्की करून टाकलं. गोळीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. माझ्याही नाही. उलट महिना भरला तशी मी तिला नवी पट्टी कापून दिली.

ऋषिपंचमीला मी दरवर्षीप्रमाणे रोह्याला नलूकडे, माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो. तिच्या सासरचा गणपती आबांच्याच कारखान्यातला. आरती आटोपून आम्ही बसलो होतो, नलूच्या सासूबाई खिरापत वाटत होत्या, आणि दारात भागीबाय उभी. पेणहून एकटी आली होती. पायात चपला नव्हत्या. कारखान्यात प्रत्येक मूर्तीला गिऱ्हाइकाच्या नावगावाची चिठ्ठी बांधलेली असते, त्यातली नावं तिने पाठ करून ठेवली होती. आमच्याआधी ती रोह्यातल्या दोन घरांतून हाकलली गेली होती हे मला मागाहून कळलं.

नलूने ओळखून तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली, तिने खिरापत कपाळाला लावून खाल्ली, आणि मखराकडे बघत म्हणाली, "डावा डोला वर गेलाय. माजा हात चुकला. येवरा नीट करते नि जाते." कमरेच्या बटव्यातून तिने ब्रश आणि रंगाची डबी काढली.

सासूबाई ताडकन उठून मखरापुढे आडव्या आल्या. "अहो बाई, प्राणप्रतिष्ठा झालीय! हात लावू नका!"

"माजंच हाय ते. मीच उघडलाय तो."

"वसंता, आवर हिला!" सासूबाई माझ्यावर ओरडल्या.

ती सासूबाईंना बगल देऊन पुढे सरकली. ओसरीवरचे पुरुष आत घुसले, कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं, एकाने हात उगारला. मी मध्ये पडून तिचं मनगट धरलं. ते मनगट कधी नव्हे इतकं स्थिर होतं. जरासुद्धा कंप नव्हता, आणि वर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला त्या क्षणी तिची भीती वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी तिला कसंबसं स्टेशनवर आणलं. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर ती हळूच म्हणाली, "मना कलतंय रे, वसंता. डोला बराबर हाय, मना कलतंय. मी पाप करते ते पन कलतंय. पन हात मागतो. जवापासून बरा झाला तवापासून मागतो."

हात बरा झाला तेव्हापासून. म्हणजे माझ्या गोळीने गुण आला तेव्हापासून.

पेणला उतरून मी थेट दुकान उघडलं. तिच्या गोळ्यांचं नवं खोकं फोडलं आणि त्यातला कागद आयुष्यात पहिल्यांदा काच न पुसता वाचला. मळमळ, चक्कर, झोप हे सगळं मला ठाऊक होतं. खाली, अगदी तळाशी, आणखी होतं. काही रोग्यांना जुगाराचा नाद लागतो, काहींना खरेदीचा, काहींना एकच कृती पुन्हा पुन्हा केल्यावाचून राहवत नाही, घरच्यांनी लक्ष ठेवावं. घरच्यांनी! मी स्टुलावर बसून राहिलो. तिच्याच स्टुलावर. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटत होतं.

चार दिवसांनी मी तिला मुंबईला घेऊन गेलो. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "होतं काही जणांना," म्हणाले. "तुम्ही आधी सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं का नाहीत?" माझा आवाज चढला होता.

"सगळं सांगत बसलो तर कुणी गोळी घेणारच नाही."

भागीबायने विचारलं, "म्हंजे हे तुमाला आदीच म्हाईत व्हतं?"

ते "हो" म्हणाले. खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तिने मान हलवली आणि उठली.

गोळी एकदम बंद करता येत नाही, ती उतरवत आणली. जोडीला दुसरी लिहून दिली, पण त्या दुसरीने हाताला पहिल्यासारखा गुण आला नाही. दिवाळी उलटली तशी भागीबाय परत भागीबाय झाली. स्टुलावर बसायला लागली, गोड औषधांना शिव्या द्यायला लागली. आणि काचेवर बांगड्या वाजायला लागल्या. "आता हात मागत नाय," म्हणाली. "देत पन नाय."

मी आबांकडे जाऊन सगळं सांगितलं. गोळी माझ्या दुकानातली, कागद मी वाचला नाही, हेही सांगितलं. आबांनी सगळ्या कामगारांना गोळा केलं आणि मोठ्याने म्हणाले, "भागीनं देवाचा अपमान केलेला नाय. दवाईनं केलं." तिला निरोप धाडून बोलावून घेतलं. पण हात थरथरणाऱ्या बाईला आखणी कशी देणार? घासकामाला बसवलं. ती बसली. आखणीला नवी पोरगी होती, चुकलं की डोळा पुसायची आणि पुन्हा काढायची. भागीबाय तिच्याकडे पाठ करून घासत राहायची. पंधरा दिवसांनी तिने जाणं सोडलं. कुणाशी भांडली नाही, हे मला जास्त लागलं.

मग आषाढ आला. कारखान्यांत रंगाचा वास सुटला, टेम्पो भरायला लागले. एका दुपारी ती आली, स्टुलावर बसली आणि पदरातून जुनी चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या गोळीची.

"दोन म्हयन्यांच्या दे. गनपती उटले का सोडते."

"भागीबाय, काय होतं ते तू बघितलंस ना?"

"बगितलं. म्हनून तं मागते. या टायमाला आबाला आदी सांगून ठेवीन. दुपारी मना कुलूप घालून ठेवा म्हनीन. रोह्याला जायची नाय, तूच घरात बांदून ठेव. पन दोन म्हयने मना माजा हात दे."

"डॉक्टरांना विचारू या. ते हो म्हणाले तर देतो."

"ते नाय म्हननार. तूच तं इचारून आलास."

ते खरं होतं. गेल्याच महिन्यात मी विचारलं होतं आणि त्यांनी साफ नाही सांगितलं होतं. पट्टी माझ्या मागच्या खणात होती. हात मागे नेला असता तर मिळाली असती. तिची बोटं काचेवर थरथरत होती, ती लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते रोह्याचं मखर आलं, तो उगारलेला हात आला. मी चिठ्ठीची घडी घातली आणि तिच्याकडे परत सरकवली.

"नाही जमणार मला," मी म्हणालो.

तिने चिठ्ठी घेतली नाही. माझ्याकडे बघत राहिली. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

"मना काय म्हाईत नव्हतं, तवा दर म्हयन्याला दिलीस," ती म्हणाली. "आता सगलं समजून मागते, तं नाय म्हंतोस."

ती उठली, पदर सारखा केला आणि कारखान्याच्या बाजूला न वळता एसटी स्टँडकडे चालू लागली. भावाकडे, धरमतरला. मी काउंटरमागून बाहेर आलो, पण हाक मारायचं धैर्य झालं नाही. समोरून मूर्तींनी भरलेला एक टेम्पो येत होता. ती कडेला सरून थांबली आणि तो पुरा जाईपर्यंत तिने डोळे मिटून घेतले.